संमेलनास स्वयंसेवक कसे मिळतात?

कोणत्याही संमेलनाहून घरी परतलेला मनुष्य बहुधा तीन गोष्टींविषयी बोलतो: वक्ते कसे होते, जेवण कसे होते, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते की नाही. दारावर त्याच्या हाती कार्यक्रमपत्रिका देणारा मुलगा कोण होता, हे त्याच्या स्मरणात राहत नाही. आणि न राहणे हेच त्या मुलाच्या कामाचे प्रशस्तिपत्र होय. परंतु ज्यास स्वतः संमेलन भरवावयाचे आहे, त्यास तो मुलगा विसरून चालत नाही. तो कोठून आला, त्यास कोणी बोलाविले आणि दुसऱ्या दिवशी तो पुनः का आला, हे त्यास ठाऊक असावे लागते.

हा विषय आम्हांस सुचण्यास एक कारण घडले. डॉ. जयंत नारळीकर हे २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यानंतर आमच्या ग्रंथालयातील त्यांच्या विज्ञानकथांची पुस्तके कपाटात टिकेनाशी झाली. पुढे एके दिवशी नववी-दहावीचे काही विद्यार्थी व महाविद्यालयात गेलेले काही माजी विद्यार्थी असे मिळून आमच्याकडे आले. विज्ञानकथांच्या वाचकांचे व यंत्र-तंत्राची हौस असणाऱ्यांचे दोन दिवसांचे संमेलन यवतमाळात भरवावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी एक मोठा कागद आणला होता. त्यावर वक्ते, पुस्तकांचे प्रदर्शन, मुलांनी घरी तयार केलेली यंत्रे, रात्री दुर्बिणीतून आकाशदर्शन, दोन वेळचे भोजन इत्यादी सर्व काही सुरेख अक्षरांत मांडलेले होते. फक्त एक रकाना रिकामा होता. त्याच्या डोक्यावर ‘कोण करणार?’ असे लिहिले होते. आम्ही विचारले, तेव्हा पुढारी मुलगा सहजपणे म्हणाला, “सर, पंधरा-वीस पोरं तर मिळतातच की.”

मिळतात, हे खरे. ती कशी मिळतात, हे मात्र त्यास सांगता येईना. आणि खरे बोलावयाचे तर आम्हांसही ते पुष्कळ ठेचा खाल्ल्यावर कळले.

यवतमाळास संमेलन नवीन नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ह्या गावी दोन वेळा भरले आहे: १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली, आणि पुनः ११ ते १३ जानेवारी २०१९ ह्या दिवसांत डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. आमच्या गावी संमेलन भरविणाऱ्यास एक अडचण पुण्या-नागपुराहून अधिक असते. मुख्य लोहमार्ग आमच्या गावावरून जात नाही. ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापुराहून येत असे, तीही बंद पडली. मुंबई-नागपूर मार्गाने येणारा पाहुणा बहुधा धामणगावास उतरतो आणि तेथून मोटारीने येतो. म्हणजे वक्त्याचे भाषण सकाळी दहास असले तरी त्याच्यासाठीचे काम आदल्या रात्री, थंडीच्या दिवसांत, दुसऱ्या जिल्ह्यातील एका फलाटावर सुरू होते. ते करणारा मनुष्य पैशाने मिळू शकतो. परंतु पाहुण्याची पुस्तके वाचलेला, त्यास ओळखणारा व वाटेत दोन शब्द बोलणारा मनुष्य पैशाने मिळत नाही.

विज्ञानकथांच्या रसिकांच्या संमेलनांत तर ही गोष्ट अगदी मुळापासून आहे. जुलै १९३९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन भरले, त्यास सुमारे दोनशे माणसे जमली होती. ते भरविणारे कोणी प्रकाशक किंवा प्राध्यापक नव्हते. मासिके वाचून एकमेकांस पत्रे लिहिणारी विशीच्या आतबाहेरची पोरे होती. दुसऱ्या महायुद्धाची काही वर्षे सोडली तर ते संमेलन पुढे दरसाल भरत आले. त्यात एक प्रघात पडला आहे, तो आमच्या लोकांस चमत्कारिक वाटेल. तेथे स्वयंसेवकासही आपले सभासदत्वाचे शुल्क भरावे लागते. पंगतीत वाढणाराही पंगतीचाच वर्गणीदार! ह्यामागील विचार असा की, सेवा करणारा आणि सेवा घेणारा असे दोन वर्ग येथे नाहीतच; जो तो आपल्याच घरचे कार्य करीत आहे. आमच्या मुलांकडून शुल्क घ्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. बसभाडे कसे जमवावे ह्याची विवंचना असणारी मुले आमच्याकडे बरीच आहेत. परंतु घरचे कार्य, ही त्यातील भावना घेण्यासारखी आहे.

आता आमची ठेच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहानशा विज्ञान-मेळाव्याची व्यवस्था आमच्याकडे आली होती. आम्ही सकाळच्या प्रार्थनेनंतर उभे राहून एक जोरदार आवाहन केले. सेवेचे महत्त्व सांगितले, दृष्टांत दिले, आणि शेवटी ‘ज्यांची इच्छा असेल त्यांनी नावे द्यावीत’ असे म्हटले. मधल्या सुटीपर्यंत त्रेसष्ट नावे आली. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो. मेळाव्याच्या सकाळी एकोणीस मुले आली. त्यांतील सात जणांस आपण कशासाठी आलो हे ठाऊक नव्हते, आणि दोघे तर आपले यंत्र मांडावयास आले होते. उरलेल्या चव्वेचाळीस मुलांवर आम्ही मनातल्या मनात पुष्कळ रागावलो. पुढे एकेकास विचारता असे कळले की, त्यांतील बहुतेकांनी वाट पाहिली होती. आपणांस कोणीतरी ‘अमुक वाजता अमुक ठिकाणी ये’ असे सांगेल, ह्याची. तसे कोणी सांगितले नाही, तेव्हा आपली गरज नसावी असे समजून ती घरीच राहिली. दोष त्यांचा नव्हता.

हल्ली प्रार्थनेतील आवाहनाची जागा व्हॉट्सॲपच्या गटाने घेतली आहे. तेथे आवाहन टाकताच अंगठ्याच्या चित्रांची रांग लागते. आमच्या त्रेसष्ट नावांत आणि त्या अंगठ्यांत आम्हांस काही फरक दिसत नाही. सर्वांस उद्देशून केलेली विनंती ही कोणासच उद्देशून केलेली नसते. ऐकणारा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहतो.

ह्याच प्रकारची एक हकीकत महात्मा गांधींच्या आत्मकथेत आली आहे. १९०१ सालच्या डिसेंबरात ते कलकत्त्याच्या काँग्रेसला गेले, तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. तेथे स्वयंसेवक पुष्कळ होते. परंतु एकास काम सांगावे तर तो दुसऱ्यास सांगे, दुसरा तिसऱ्यास, आणि काम जागच्या जागी राही. स्वतः गांधी काम मागण्यासाठी कार्यालयात गेले. भूपेंद्रनाथ बसू यांनी आपल्याजवळ काम नाही असे सांगून त्यांस जानकीनाथ घोषालबाबूंकडे धाडले. घोषालबाबूंनी पत्रांचा एक ढीग पुढे केला व त्यांची उत्तरे लिहिण्यास सांगितले. गांधींनी ती आनंदाने लिहिली. ह्या प्रसंगावरून लोक सामान्यतः गांधींच्या नम्रतेचे वर्णन करतात. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. एक मनुष्य आपण होऊन काम मागत दारी आला असता पहिल्या मेजावर त्याच्यासाठी काम तयार नव्हते, आणि दुसऱ्या मेजावर ते होते. घोषालबाबूंस स्वयंसेवक मिळाला तो भाषणाने नव्हे. समोर पत्रांचा ढीग होता आणि ‘हा घ्या’ असे त्यांनी म्हटले, म्हणून मिळाला.

यास्तव पहिली गोष्ट ही की, माणसे शोधण्यापूर्वी काम शोधावे व त्याचे तुकडे करावेत. पवित्र शास्त्रातील नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आम्ही लहानपणी कंटाळून वाचीत असू, कारण त्यात नावांची नुसती यादी आहे. यरुशलेमेचा पडलेला तट कोणी कोठून कोठवर बांधला, त्याची ती यादी होय. आता तोच अध्याय आम्हांस व्यवस्थेचा उत्तम धडा वाटतो. नहेम्याने ‘चला, तट बांधू’ एवढेच म्हणून सोडले असते तर तो आजही पडलेलाच राहिला असता. त्या यादीत ह्या वेशीपासून त्या बुरुजापर्यंत अमुक, त्याच्या शेजारी तमुक, असे प्रत्येकाचे टप्पे आहेत. आणि कित्येकांस तर आपापल्या घरासमोरचाच भाग मिळाला आहे. स्वतःच्या घरासमोरची भिंत कच्ची कोण बांधील? त्या यादीत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, आणि शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह आहे. तकोवा गावच्या सरदारांनी कामास खांदा लावला नाही, हेही स्पष्ट लिहून ठेविले आहे! तट बावन्न दिवसांत पुरा झाला.

आमच्या जिल्ह्यातच ह्याचे दुसरे उदाहरण आहे. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह चालला होता. परंतु वऱ्हाडास समुद्र कोठला? तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलच्या कायद्याचा भंग करण्याचे ठरविले, आणि १० जुलै रोजी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून त्याचा आरंभ झाला. गवत कापणे हे काम खेड्यातील कोणासही शिकवावे लागत नव्हते. हाती विळा होता, जागा ठरलेली होती, दिवस ठरलेला होता. तुरुंगाची भीती असतानाही माणसे का मिळाली, ह्याचे सर्व श्रेय ह्या सोपेपणास देणे अन्यायाचे होईल. परंतु काही श्रेय त्यास निश्चित आहे.

मुलांच्या त्या कागदाकडे पुनः वळू. आम्ही त्यांस म्हटले, एकट्या दाराचाच हिशेब करा. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत बारा तास. एका वेळी दारावर चौघे. चार तासांहून अधिक वेळ मनुष्य हसतमुखाने उभा राहू शकत नाही, म्हणून दिवसाच्या तीन पाळ्या. दोन दिवसांच्या सहा पाळ्या, प्रत्येकीत चौघे, म्हणजे चोवीस जागा. प्रत्येकाने दोन दिवसांत दोनच पाळ्या कराव्यात, कारण त्यासही संमेलन पाहावयाचे आहे. तेव्हा बारा माणसे. त्यांत कोणास ताप येईल, कोणाच्या घरी पाहुणे येतील. म्हणून चौथा हिस्सा राखीव, म्हणजे आणखी तिघे. एकूण पंधरा. मुलांचे ‘पंधरा-वीस’ एका दारातच संपले! अजून नावनोंदणी, पाणी, भोजन, निवास, प्रदर्शन, धामणगावचे स्थानक, हरवलेल्या वस्तू आणि दुर्बिणीजवळची रांग हे सर्व उभेच होते. पुढारी मुलगा थोडा वेळ गप्प बसला, आणि मग त्याने त्या रिकाम्या रकान्यात चौकोन आखावयास सुरुवात केली.

असे चौकोन आखले म्हणजे विनंती करणेही सोपे होते. ‘संमेलनास मदत करशील का?’ ह्या प्रश्नास मुलगा ‘हो’ म्हणतो आणि विसरतो. ‘शनिवारी दुपारी एक ते पाच तू व तुझा मित्र पुस्तकांच्या प्रदर्शनाजवळ बसाल का?’ ह्या प्रश्नास तो क्षणभर विचार करतो. हा क्षणभराचा विचार फार मोलाचा आहे. विचार करून ‘नाही’ म्हणणारा मुलगा विचार न करता ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा आम्हांस अधिक उपयोगी पडतो, कारण त्याच्या जागी दुसरा पाहता येतो. आणि ही विनंती समोरासमोर व्हावी, नाव घेऊन व्हावी. ‘तुझे अक्षर चांगले आहे म्हणून नोंदणीस तू हवास’ असे कारण सांगता आले तर उत्तम. मात्र ते कारण खरे असावे. खोटी स्तुती मुले चटकन ओळखतात.

आमच्या जिल्ह्यात विनंती मुलापाशी संपत नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी चालते, त्यातच तुरीची सोंगणी येते. खेड्यावरून येणाऱ्या मुलास शनिवार-रविवार म्हणजे सुटी नव्हे. त्याच्या वडिलांस आधी न विचारता त्याचे नाव लिहून घेणे म्हणजे त्या घरची दोन दिवसांची मजुरी न विचारता उचलणे होय. मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळा असतो. एका विद्यार्थिनीच्या घरी आम्ही गेलो असता तिच्या आईने सेवेचे महत्त्व वगैरे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले: “सर, पोरगी रात्री घरी कशी येईन, थे सांगा पहिले.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तर तयार करून गेलो. मुलींच्या पाळ्या सायंकाळी पाचास संपतील. आकाशदर्शनास ज्यांस थांबावयाचे असेल त्यांस शिक्षिका बाई स्वतः गाडीने दारापर्यंत पोहोचवतील. त्या बाईंनी मुलीस धाडले, आणि शेजारच्या दोन घरांतही स्वतःच सांगितले. मुलींस ह्या कामांची आवड नसते असे म्हणणाऱ्यांनी प्रथम आपण त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते काय, हे पाहावे.

कोणास विचारावे, ह्याविषयी आमचा एक अनुभव मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्या फसलेल्या मेळाव्यानंतर एक मुलगा वर्गात मोठ्याने म्हणाला, “माईक तर मागं कोणालेच ऐकू आला नाही.” प्रथम आम्हांस त्याचा राग आला. मग प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवला. आरंभीच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर झाली. तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस गप्प केले नाही. त्या कामासाठी सात माणसे निवडण्यास सांगितले. त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूने तक्रार आली, त्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाढप दिले गेले, असे अनुमान निघते. आम्ही त्या मुलास बोलाविले. त्याचे वडील मंडपवाल्याकडे कामास होते, आणि माईक समोर धरला म्हणजे स्पीकर किंचाळतो, तो त्यामागे ठेवावा, जोडणीच्या तारा पायवाटेवरून नेऊ नयेत, वीज जाते म्हणून जनरेटर आदल्या दिवशीच चालवून पाहावा, इत्यादी गोष्टी त्यास आमच्या पदवीधर शिक्षकांहून अधिक कळत होत्या. पुढच्या वेळी मागच्या रांगेपर्यंत ऐकू आले. वर्गात जो तक्रार करतो त्याने निदान पाहिलेले असते, हे आम्ही तेव्हापासून ध्यानात ठेविले आहे.

आता एक कठीण गोष्ट. त्याच मेळाव्याची कामाची यादी नंतर एका वसतिगृहातील मुलाने आमच्यापुढे आणून ठेविली. तो काही बोलला नाही. त्याने दोन रकान्यांवर फक्त बोट ठेविले. ‘स्वागत’ ह्या सदरात गावातील वकील, डॉक्टर व व्यापारी यांची मुले होती. ‘सफाई व पाणी’ ह्या सदरात सर्व मुले वसतिगृहातील होती. ही यादी आम्ही स्वतः, आमच्या हाताने लिहिली होती. लिहिताना आमच्या मनात काही दुष्ट हेतू नव्हता, आणि हेच अधिक वाईट. कारण हेतू असता तर तो निदान ध्यानात आला असता. झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा, हे आमच्या देशात हाताने ठरविण्यापूर्वीच मनाने ठरविलेले असते. ज्या आम्ही प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे दरवर्षी वाचतो, त्या आमच्याही मनाने.

१९०१ साली कलकत्त्यासही हेच होते. प्रतिनिधींच्या निवासाजवळ घाण साचली होती; गांधींनी ती स्वयंसेवकांस दाखविली, तेव्हा ते भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळाले. गांधींनी झाडू मागून घेतला व स्वतः जागा साफ केली. आम्ही ह्या बाबतीत आता एक नियम केला आहे: सफाईची पाळी प्रत्येकास, आणि पहिली पाळी ज्याने यादी लिहिली त्याची. स्वागताची नावे चिठ्ठ्या टाकून काढावयाची. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही आपली कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने धाडली होती, कारण परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहावी अशी त्यांची इच्छा होती. तिला पहिले बक्षीस मिळाले. ज्या संमेलनाचे निमित्त ते आहेत, तेथे तरी मुलाचे आडनाव पाहून त्याचे काम ठरू नये.

दारावरच्या मुलांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण संमेलनाची अब्रू त्यांच्या हाती असते. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या त्या पहिल्या संमेलनात भरविणाऱ्यांचे दुसऱ्या एका रसिकमंडळाशी भांडण होते. हे लोक आत गोंधळ घालतील ह्या भयाने सहा जणांस दारातूनच परत पाठविण्यात आले. त्यांत फ्रेडरिक पोल होते, जे पुढे ह्याच वाङ्मयाचे नामांकित लेखक झाले. आज त्या संमेलनातील भाषणे कोणास आठवत नाहीत. परतविलेले ते सहा मात्र प्रत्येक इतिहासात आहेत. आमच्या गावीही २०१९ साली असाच कटू प्रसंग आला. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांस दिलेले निमंत्रण, विरोधाच्या इशाऱ्यानंतर मागे घेण्यात आले. त्याच्या निषेधार्थ अनेक निमंत्रित साहित्यिकांनी येण्याचे नाकारले. आणि शेवटी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणूनही विरोध झाला होता.

असे निर्णय मोठी माणसे बंद खोलीत घेतात. पण त्यांविषयीचे प्रश्न लोक दारावरच्या सोळा वर्षांच्या मुलास विचारतात. म्हणून त्या मुलास दोन गोष्टी पक्क्या सांगून ठेवाव्यात. कोणासही आपल्या अधिकारात परत पाठवावयाचे नाही. शंका आली तर ‘आपण बसा, मी विचारून येतो’ असे म्हणावयाचे. आणि विचारावयाचे कोणास, तो मनुष्य दाराजवळच बसलेला असावा. व्यासपीठावर हार घालून घेत असलेला नसावा. हे दुसरे कलम आम्ही अनुभवाने घातले आहे.

भोजनाचे फार लिहीत नाही. स्वयंसेवकांची पंगत सर्वांच्या शेवटी बसवावी, अशी आमच्याकडे एक खोटी शिस्त आहे. शेवटी बहुधा वरण संपलेले असते. त्यांस पाळीपूर्वी जेवू घालावे.

आणि जाणाऱ्यास जाऊ द्यावे. गिदोनाच्या सैन्यात जे भ्यालेले होते त्यांस घरी जाण्याची उघड मोकळीक दिली गेली, तेव्हा बत्तीस हजारांतून बावीस हजार निघून गेले. आमच्याही यादीतून संमेलनाच्या आठ दिवस आधी एक दिवस ठरवून प्रत्येकास पुनः विचारावे, आणि ‘जमणार नाही’ म्हणणाऱ्याचे मुकाट्याने आभार मानावेत. त्या दिवशी रागावले तर पुढच्या वर्षी तो खरे सांगणार नाही. नाव ठेवील आणि येणार नाही.

संमेलन संपल्यावर हारतुरे व भाषणे यांत बराच वेळ जातो. आम्ही त्याऐवजी दोन गोष्टी करतो. प्रत्येक स्वयंसेवकाच्या घरी एक पोस्टकार्ड जाते. त्यात त्याने केलेले नेमके काम लिहिलेले असते. नुसते ‘मोलाचे सहकार्य’ नव्हे. बोटाने पुढे सरकविलेल्या निरोपापेक्षा ते कार्ड आई-वडील अधिक दिवस ठेवतात, असे आम्ही पाहिले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वही. तिसऱ्या दिवशी सर्वांनी जमावयाचे, आणि जे चुकले ते कोणाचे नाव न घेता त्या वहीत उतरवून ठेवावयाचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांस तीच ठेच पुनः लागू नये.

ती वही आम्ही आता नव्या मंडळींच्या स्वाधीन केली आहे, आणि ‘कोण करणार?’ ह्या रकान्यात आजवर एकतीस चौकोन भरले आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर एका मुलाच्या हातची नोंद आहे: “धामणगाव स्टेशन, रात्रीची गाडी. एकट्याला पाठवू नये, दोघे पाठवावे. थंडी फार असते, आणि गाडी उशिरा आली तर बोलायला कोणी पाहिजे.”